जोर वाचतो, काम वाचत नाही

पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. पितळी, लोखंडी, कुणाला मोराची मान तर कुणाला घोड्याचे तोंड. काही अडकित्ते चक्क स्त्री-पुरुषाच्या जोडीच्या आकाराचे. दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव हिंडून अशा हजारो वस्तू जमवल्या आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. पाहणारे बहुधा नक्षीवर खूश होऊन पुढच्या कपाटाकडे वळतात. पण नक्षी क्षणभर बाजूला ठेवून नुसत्या मापांकडे पाहिले, तर हे सगळे अडकित्ते एकाच नियमाने बांधलेले दिसतात. दोन भागांना जोडणारी खीळ एका टोकाला, सुपारी धरायची जागा खिळीच्या जवळ आणि मुठी लांब. मोर करताना किंवा घोडा करताना कारागिराने ही रचना कधी मोडली नाही. मोडली असती तर सुपारी फुटली नसती.

वाळलेली सुपारी मुठीत कितीही आवळा, तिला ओरखडाही जात नाही. तीच सुपारी अडकित्त्यात धरली की नव्वदीची आजीसुद्धा तिची खांडे करते. हाताचा जोर तोच असतो, तो अनेक पटींनी वाढून सुपारीवर पडतो. किती पटींनी, हे फूटपट्टीने मोजता येते. समजा, खिळीपासून सुपारीच्या मध्यापर्यंतचे अंतर २.५ सेंटिमीटर भरले आणि खिळीपासून मुठीवर बोटांचा जोर पडतो तिथपर्यंतचे १२.५ सेंटिमीटर. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ५. याचा अर्थ हाताने १५ किलोचा जोर लावला तर सुपारीवर ७५ किलोचा पडतो. या पाचालाच यांत्रिक फायदा म्हणतात.

आता तीच सुपारी पुढे, खिळीपासून ५ सेंटिमीटरवर सरकवा. फायदा एकदम निम्म्यावर, अडीचवर येतो आणि ७५ किलोंचे साडेसदतीस उरतात. पान लावणाऱ्या बाईला हे गणित मांडायला लागत नाही. सुपारी निसटून पुढे आली की ती बोटाने पुन्हा आत सारते. अडकित्त्याचे वरचे पाते धारदार आणि खालचे जाड, बोथट असते, त्यालाही कारण आहे. तो पंचाहत्तर किलोचा भार धारेमुळे केसाएवढ्या रुंदीवर एकवटतो आणि धार पाचरीसारखी आत घुसून सुपारीचे दोन भाग बाजूला ढकलते. म्हणजे हातभर लांबीही नसलेल्या या वस्तूत दोन साधी यंत्रे आहेत, तरफ आणि पाचर.

शाळेच्या पुस्तकातले शब्द इथे जागच्या जागी बसतात. खीळ म्हणजे टेकू, सुपारीचा विरोध म्हणजे भार, हाताचा जोर म्हणजे बल. टेकूपासून भारापर्यंतचे अंतर ही भारभुजा, टेकूपासून बलापर्यंतचे अंतर ही बलभुजा. नियम एवढाच: बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा. आपल्या अडकित्त्यात एका बाजूला १५ गुणिले १२.५ म्हणजे १८७.५ आणि दुसऱ्या बाजूला ७५ गुणिले २.५ म्हणजे तेच १८७.५. पुस्तकात बल न्यूटनमध्ये असते. एक किलोचा जोर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन. पण यांत्रिक फायदा हे भार भागिले बल असे गुणोत्तर असल्याने त्याला एकक नसते. दोन्ही बाजूंना एकच माप वापरले की झाले. म्हणून या लेखात मी सरळ किलोचा जोर असेच म्हणणार आहे.

तरफेचे तीन प्रकार पाठ करण्यात मुलांचा फार वेळ जातो असे मला मनापासून वाटते. टेकू मध्ये असला की पहिला प्रकार, भार मध्ये असला की दुसरा, बल मध्ये असले की तिसरा. कात्री पहिल्यात, अडकित्ता आणि लिंबू पिळायचा चिमटा दुसऱ्यात, निखारा उचलायचा चिमटा तिसऱ्यात. परीक्षेपुरते ठीक आहे. पण हाती घ्यायला हवे ते दोन अंतरे मोजणे. ती मोजली की फायदा एकापेक्षा जास्त आहे की कमी हे आपोआप कळते. प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा टांगता काटा हल्ली बऱ्याच घरांत असतो. आपोआप मिटणाऱ्या दाराला तो कडेच्या मुठीजवळ अडकवून ओढा आणि आकडा पाहा. मग बिजागरीपासून निम्म्या अंतरावर दोरी बांधून ओढा. आकडा दुपटीच्या आसपास जातो. एवढे एकदा मुलाने स्वतः पाहिले, की सूत्र त्याला पाठ करावे लागत नाही.

तराजू हीही तरफच, फक्त तिच्या दोन्ही भुजा मुद्दाम सारख्या ठेवलेल्या असतात. तिथे यांत्रिक फायदा एक असतो आणि तो एकच राहावा यावर सगळ्या व्यवहाराचा विश्वास टिकून असतो. पुण्याची मंडई १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडली. पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. तिथल्या गाळ्यांवर आता इलेक्ट्रॉनिक काटे आले असले तरी कितीतरी पिढ्या या तराजूच्या दांडीवर भाजी घेत आल्या. दांडी मध्यावर टांगलेली नसेल तर काय होते? माल एका पारड्यात ठेवून तोलला तर १००० ग्रॅम भरतो आणि पारडी बदलून तोलला तर १२१० ग्रॅम. खरे वजन किती? पटकन सरासरी काढून ११०५ म्हणावेसे वाटते, पण ते चूक. भुजांचे गुणोत्तर एकदा मालाच्या बाजूने आणि एकदा विरुद्ध काम करते, म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे लागते. १००० गुणिले १२१० म्हणजे १२,१०,०००, त्याचे वर्गमूळ ११००. खोट्या तराजूतूनही खरे वजन काढता येते, फक्त तो दोनदा वापरावा लागतो.

फायदा एक असूनही यंत्र उपयोगाचे असते, हे मोटेइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. विहिरीवरचे चाक एका जागी पक्के बसवलेले असते. मोट दीडशे किलोची असेल तर नाड्यावर दीडशे किलोचीच ओढ लागते, वर थोडी घर्षणाची. कप्पी एक किलोही वाचवत नाही. ती फक्त दिशा बदलते. पण त्या दिशाबदलामुळे बैल जोडता येतात, आणि जुन्या लोकांनी त्याहून शहाणपणाची गोष्ट केली होती. बैल ज्या वाटेने चालतात ती धाव त्यांनी विहिरीपासून लांब जाताना उतरती ठेवली. समजा, बैलजोडीचे वजन ७०० किलो आहे आणि धावेला सात फुटांमागे एक फूट उतार आहे. तर त्या उतारावर जोडीचे स्वतःचेच वजन साधारण १०० किलोने पुढे ओढते. दीडशे किलोंच्या मोटेपैकी शंभर किलो बैलांच्या वजनानेच पेलले जातात आणि खुरांच्या जोराने लावायचे राहतात सुमारे पन्नास. परत येताना चढ असतो, पण तेव्हा मोट रिकामी असते. म्हणजे बैल स्वतःचे अंग वर चढवतात ते मोकळेपणी आणि भरलेली मोट ओढताना तीच चढण वापरून घेतात. साताऱ्याजवळ लिंब गावची बारामोटेची विहीर अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात विरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी ती सोय आहे. तिच्या दगडी कामाचे आणि आतल्या महालाचे कौतुक सगळेच करतात. मला मात्र धावेच्या उताराचा विचार सुचलेल्या, नाव न राहिलेल्या माणसाबद्दल तितकाच आदर वाटतो.

जोर खरोखर वाचवायचा असेल तर कप्पी हलती हवी, भाराबरोबर वर-खाली होणारी. याचे गणित अगदी सोपे आहे आणि पुण्यात कुठल्याही बांधकामाजवळ उभे राहून ते करता येते. हायड्रा क्रेनच्या आकड्याकडे पाहा. आकडा एका वायररोपला थेट बांधलेला नसतो. तो कप्प्यांच्या ठोकळ्याला लावलेला असतो आणि त्या ठोकळ्यावरून तीच वायर खाली-वर फिरवलेली असते. ठोकळ्याला धरून ठेवणाऱ्या वायरी मोजा. चार दिसल्या तर फायदा चार. आठ टनांचा तुळईचा तुकडा लटकत असेल तर प्रत्येक वायरीवर दोनच टन येतात. ड्रमलाही दोन टनच ओढायचे असतात, आणि वायरही दोन टनांची ओढ सहन करणारी चालते. सुरक्षेसाठी ती त्याहून कितीतरी जाड घेतात ते वेगळे. जड माल उचलताना क्रेनवाले वायरीचे फेरे वाढवतात, ते याच कारणाने.

पण त्याच वेळी ड्रमकडेही पाहा. माल एक मीटर वर जाईपर्यंत ड्रमवर चार मीटर वायर गुंडाळली जाते. म्हणून फेरे वाढले की माल हळू चढतो. दोन टन गुणिले चार मीटर म्हणजे आठ. आठ टन गुणिले एक मीटर म्हणजेही आठ. अडकित्त्यातही मूठ पाच मिलिमीटर सरकते तेव्हा पाते सुपारीत एक मिलिमीटर उतरते. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे काम, आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच राहते. यंत्र म्हणजे एका अर्थी पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच करून देणारा दुकानदार. रक्कम वाढत नाही, ती आपल्याला पेलेल अशा तुकड्यांत मिळते, आणि घर्षण नावाची वटणावळ मात्र दर वेळी कापली जाते.

ही गोष्ट आज सरळ वाटते, पण यंत्राच्या साहाय्याने निसर्गाला फसवता येते, थोड्या श्रमात जास्त काम उकळता येते, असे मोठमोठ्या कारागिरांनाही फार काळ वाटत असे. १६०० च्या सुमारास पदुआत शिकवणाऱ्या गॅलिलिओने यंत्रविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला आणि हा भ्रम नेमका पकडला. जोरात जे मिळते ते अंतरात किंवा वेळात द्यावे लागते, हे त्याने एकेका साध्या यंत्रावर दाखवून दिले. न थांबणारे यंत्र शोधल्याचे दावे आजही अधूनमधून होतात. ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, दोन्ही बाजूंची अंतरे मोजली की पुरते.

अंतर देऊन जोर विकत घेण्याचे सर्वांत मोठे उदाहरण पुणेकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. मुंबईहून निघालेली गाडी कर्जतला पोचेपर्यंत जवळजवळ सपाटीवर असते आणि मग सह्याद्रीची भिंत समोर येते. १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, खाली खोपोलीपर्यंतही रूळ आले, पण मधला घाट उतारूंना पालखीत, घोड्यावर नाहीतर बैलगाडीत बसून पार करावा लागे. जेम्स बर्कले या इंजिनिअरने आखलेल्या भोर घाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि एप्रिल १८६३ मध्ये संपले. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. रोगराईने आणि अपघातांनी त्यांतल्या अनेकांचा जीव घेतला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले.

आता घाटाचे आकडे. चढायची उंची १,८३१ फूट, म्हणजे साधारण ५५८ मीटर. ती चढण्यासाठी मार्ग आखला सुमारे साडेपंचवीस किलोमीटरचा. लांबीला उंचीने भागले की सरासरी ४६ च्या आसपास येते. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. उतरणीचा यांत्रिक फायदा म्हणजे हेच गुणोत्तर. एक टन माल सरळ वर उचलायला एक हजार किलोचा जोर हवा. सरासरी चढावर तोच टन २२ किलोंनी ओढता येतो, तीव्र चढावर २७ किलोंनी. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना टनामागे आणखी दोन-चार किलो खाते, म्हणजे सगळे मिळून तिसाच्या घरात. काम मात्र तेवढेच: १००० किलो गुणिले ५५८ मीटर आणि २१.९ किलो गुणिले २५,५०० मीटर हे दोन्ही गुणाकार करून पाहा, ५ लाख ५८ हजारांवर येऊन भेटतात. साडेपंचवीस किलोमीटर बोगदे, पूल आणि कडे फोडून तयार केलेला हा मार्ग म्हणजे त्या गुणाकारातली अंतराची बाजू आहे. डोंगरात पुरेशी लांबी सापडेना तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला नेऊन इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा, अशीही सोय केली होती. ती १९२९ पर्यंत वापरात होती.

कर्जतला गाडीच्या मागे इंजिने का लावतात, हेही याच हिशेबातून कळते. हजार टनांची गाडी ३७ ला १ च्या चढावर घ्यायची तर तीस टनांचा जोर हवा. पुढचे इंजिन १२० टनांच्या आसपासचे. रूळ कोरडा असताना चाकाची पकड इंजिनाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाजवळ असते, म्हणजे जेमतेम तीस टन. मोटरमध्ये ताकद कितीही असो, त्याहून जास्त जोर लावला की चाक जागीच गरगरते. पावसाळ्यात रूळ ओला झाला की पकड आणखी घटते, आणि भोर घाटातला पाऊस कसा असतो ते सांगायला नको. शिवाय सगळी ओढ पुढूनच लावली तर डब्यांच्या जोडांवर ताण येतो. म्हणून मागून ढकलणारी इंजिने. सपाटीवर ही गाडी एकटे इंजिन हसत ओढते, कारण तिथे टनामागे ते दोन-चार किलोच लागतात.

आतापर्यंत काढलेले बहुतेक आकडे लांबीवरून काढले. त्याला वेग गुणोत्तर म्हणतात. घर्षण शून्य असते तर मिळाला असता तो फायदा. प्रत्यक्ष मिळणारा फायदा वजन तोलूनच कळतो. क्रेनला चार वायरी आहेत, पण कप्प्यांच्या घर्षणामुळे आठ टनांसाठी दोन टनांऐवजी समजा २.२ टन ओढावे लागले. मग खरा फायदा ८ भागिले २.२, म्हणजे सुमारे ३.६. त्याला चाराने भागले की ०.९, कार्यक्षमता ९० टक्के. साध्या यंत्रांच्या धड्यातला हा भाग मुलांना कोरडा वाटतो, पण माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे, कारण घर्षण नेहमी तोट्याचे असते ही समजूत इथे मोडते.

गाडी पंक्चर झाल्यावर लावतात तो साधा स्क्रू जॅक घ्या. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. दांडा ३० सेंटिमीटर लांब असेल तर हात एका फेऱ्यात सुमारे १८८ सेंटिमीटर फिरतो. दोन आट्यांमधले अंतर ६ मिलिमीटर असेल तर तेवढ्या फेऱ्यात गाडी फक्त ६ मिलिमीटर वर जाते. १८८० ला ६ ने भागले की वेग गुणोत्तर ३१३ च्या पुढे. पण आटे एकमेकांवर घासत असतात. कार्यक्षमता २० टक्के धरली तर खरा फायदा ६२ च्या आसपास उरतो. दहा किलोचा जोर लावून ६२० किलो उचलले जातात. गाडीचा एक कोपरा वर घ्यायला एवढे पुष्कळ झाले.

ऐंशी टक्के श्रम वाया गेले म्हणून हळहळण्याआधी दांडा सोडून पाहा. गाडी जिथे आहे तिथेच राहते. कुठे कळ नाही, कुत्रा-दात्यांची अडकण नाही, तरी स्क्रू उलटा फिरत नाही. कारण असे, की वर चढवताना आपण शंभर भाग काम केले. त्यातले वीस गाडी उचलण्यात गेले आणि ऐंशी घर्षणात. गाडी खाली यायची तर तिच्याजवळ परत द्यायला वीसच भाग आहेत, आणि उलट फिरताना घर्षण मागणार त्याच्या जवळपास चौपट. ते कुठून आणणार? कार्यक्षमता निम्म्याहून कमी असलेला स्क्रू अशा रीतीने आपला आपणच अडकून राहतो. आट्यांना भरपूर तेल देऊन, ते अगदी गुळगुळीत करून आणि त्यांचा चढ तीव्र करून कार्यक्षमता पन्नासच्या बरीच वर नेली, तर चढवणे सोपे होईल, पण हात सुटला की गाडी खाली येऊ शकेल. बाकाला बसवलेला शेगडा असो, पाण्याचा पितळी नळ असो वा नटबोल्ट, सगळे याच घर्षणाच्या भरवशावर घट्ट राहतात. तरीही जॅकवरच्या गाडीखाली कुणी अंग घालू नये. स्क्रू अडकून राहतो, पण जॅक कलंडू शकतो.

उलट बाजूचे यंत्रही पुण्याला जवळचे आहे. हे शहर बराच काळ सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांच्या संग्रहातल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. तिथल्या कुठल्याही काळ्या, उभ्या दांड्याच्या सायकलीचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. क्रँकची लांबी समजा १७ सेंटिमीटर आणि मागच्या चाकाची त्रिज्या ३४. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलवरचा जोर चेनमधून चाकाच्या कडेपर्यंत जाताना आधी १७ भागिले ३४ ने घटतो आणि मग १८ भागिले ४८ ने. दोन्हींचा गुणाकार सुमारे ०.१९. यांत्रिक फायदा एकापेक्षाही कितीतरी कमी! पायाने ४० किलोचा जोर दिला तर रस्त्यावर पोचतात साडेसात किलो. त्या बदल्यात पायडलच्या एका फेऱ्यात पाऊल एक मीटरच्या थोडे पुढे फिरते आणि सायकल ५.७ मीटर जाते. सपाट रस्त्यावर सायकलीला विरोधच फार थोडा असतो, तेव्हा जोर गमावून अंतर मिळवणे हाच शहाणपणाचा सौदा.

चढ आला की हाच सौदा अंगावर येतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरू. वीसला एक अशा सौम्य चढावर नुसत्या वजनाने मागे ओढणारा जोर ४ किलो. तेवढा सहज निभतो. दहाला एक चढ लागला की ८ किलो, आणि आपल्याजवळ आहेत साडेसात. म्हणून स्वार सीटवरून उठतो आणि सगळे अंग पायडलवर टाकतो. साठ किलोचा माणूस असेल तर सव्वाअकरा किलो मिळतात, पण क्रँक आडवा असतानाच. तो उभा झाला की जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच बिनगिअरच्या सायकलीवरून मोठ्या चढाला भले भले उतरून चालू लागत.

सिंहगडाच्या किंवा कात्रजच्या घाटात रविवारी सकाळी दिसणारे सायकलवाले तो चढ चढतात ते पुढे लहान आणि मागे मोठे चक्र लावून. पुढे २४ दाते आणि मागे ३२ असतील तर फायदा ०.५ गुणिले ३२ भागिले २४, म्हणजे ०.६७. त्याच ४० किलोंतून आता जवळजवळ २७ किलो रस्त्यावर पोचतात आणि दहाला एकचा चढ बसल्या जागी चढता येतो. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल आता १.६ मीटरच पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारणारा स्वार मिनिटाला ९६ मीटर, म्हणजे तासाला पावणेसहा किलोमीटर जातो. हा सपाटीवर झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. त्याला अजून वेगाने चढायचे असेल तर दातांची संख्या बदलून भागणार नाही. मिनिटाला जास्त काम करणारे पायच लागतील.